पोरीला नेमबाजी शिकायचीय, पण ठेवायचं कुठं?

(प्रभाग संघाच्या सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. सभेला येऊ न शकलेल्या सदस्यांसाठी इथं छापत आहोत.)



विषय ऐकून मागच्या रांगेत हसू फुटलं ते मी बघितलं. बचत गटाच्या सभेत बंदुकीचं काय काम, असंच ना? पण गेल्या काही महिन्यांत मी ज्या ज्या गावात बैठकीला गेले, तिथं एकीनं तरी मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, पोरगी रायफल शिकायची म्हणतीया. कुठं घालू?" म्हणून म्हटलं, एकदा सगळ्यांसमोरच बोलू.

हे खूळ कुठून आलं ते तुम्हाला ठाऊकच आहे. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसच्या ऑलिम्पिकमध्ये आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ पदक घेतलं. १९५२ साली खाशाबा जाधवांनी कुस्तीत मिळवलं, त्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या माणसाला एकट्याच्या खेळात ऑलिम्पिक पदक. त्याचे वडील शिक्षक आणि आई गावची सरपंच. म्हणजे आपल्यासारखंच घर, आपल्यासारखंच गाव. तेव्हापासून पोरी म्हणायला लागल्या, "मग आम्ही का नको?"

बरोबर आहे त्यांचं. आणि पोरींना दाखला शोधायला स्वप्नीलपर्यंतही जायला नको. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये जर्मनीत म्युनिकला विश्वविजेत्या झाल्या. नेमबाजीत जगज्जेती झालेली ती पहिली भारतीय बाई. टोकियो ऑलिम्पिकला उतरल्या तेव्हा त्यांचं वय चाळीस होतं. कोल्हापूरच्याच राही सरनोबतनं २०१८ मध्ये आशियाई स्पर्धेत पिस्तुलात सोनं घेतलं. तेही भारतीय बाईनं पहिल्यांदाच.

आता मुद्द्याचं. स्वप्नील गावात राहून नेमबाज झाला नाही. शाळेत असतानाच तो सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, नाशिकला राहिला, नंतर पुण्याच्या बालेवाडीत राहिला. कुस्तीची तालीम गावात असते, कबड्डीला अंगण पुरतं. नेमबाजीचं तसं नाही. तिला रेंज लागते, आणि रेंज असते शहरात. त्यामुळं पोरीला खेळात घालायचं की नाही, या प्रश्नाच्या आत दुसरा प्रश्न दडलेला असतो. ती राहणार कुठं? खाणार काय? रेंजवरून खोलीवर कशी येणार? सगळी घरं याच ठिकाणी अडतात, असा माझा अनुभव आहे.

आधी खेळ काय आहे ते थोडक्यात सांगते, म्हणजे भीती जाईल. सुरुवात होते १० मीटरच्या एअर रायफल नाहीतर एअर पिस्तुलानं. यात दारू नसते, बार उडत नाही. दाबलेल्या हवेवर साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सुटतो. दहा मीटर म्हणजे साधारण तेहतीस फूट. समोरच्या कागदावर रायफलीच्या दहा गुणांचा ठिपका असतो अर्ध्या मिलिमीटरचा. खसखशीच्या दाण्याएवढाच म्हणा. स्पर्धेत असे साठ नेम धरायचे. ताकदीचं काम कमी, श्वास आणि मन आवरायचं काम जास्त. (आपल्यातल्या ज्या बायका दिवे लागणीला चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवतात, त्यांनी स्वतःच प्रयत्न करून बघावा असं मला फार वाटतं.)

कायद्याचंही सांगते, कारण "घरात बंदूक आली तर पोलीस येतील" असं एका काकींनी म्हटलं होतं. ४.५ मिलिमीटरची, म्हणजे दुकानदार जिला पॉइंट १७७ म्हणतो ती, आणि २० ज्यूलपेक्षा कमी जोराची एअर रायफल असेल तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणं परवाना लागत नाही. काडतुसाची बंदूक आली की परवाना आला. पण तिथपर्यंत जायला पोरीला कित्येक वर्षं आहेत.

आता राहायच्या जागा. आपल्याला सगळ्यात जवळ कोल्हापूर. तिथं दुधाळीला रेंज आहे. आपल्या भागातून एसटीनं जायला दीड-दोन तास. बायकांना अर्धं तिकीट आहे, ते ठीक. पण हिशेब तिकिटाचा नाही, वेळेचा करा. रोज जाऊन-येऊन चार तास धरा. आठवड्यात पाच दिवस गेली तर वीस तास बसमध्ये आणि रेंजवर जेमतेम दहा. शिवाय शाळा. पोरगी दोन महिन्यांत थकते आणि मग आपण म्हणतो, तिला आवडच नव्हती.

पुण्यात बालेवाडीचं क्रीडासंकुल आहे. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलेलं, आणि राज्यातले चांगले नेमबाज तिथंच सरावाला असतात. रेंज उत्तम, प्रशिक्षक उत्तम. पण आजूबाजूला बाणेर, हिंजवडी, सगळी कॉम्प्युटरवाल्यांची वस्ती. तिथल्या एका खोलीच्या भाड्यात आपल्याकडं एका घराचा महिना निघतो. सरकारी निवासात निवड होऊन जाणार असेल तरच पुण्याचा विचार करा. स्वतःच्या खर्चानं, नवशिकी असताना, नको. हे माझं स्पष्ट मत आहे. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची जुनी रेंज आहे, अंजली भागवत तिथंच घडल्या. पनवेलला सुमा शिरूर यांची लक्ष्य ही अकादमी आहे. जवळचं नातेवाईक तिकडं राहत असेल तर जाऊन बघा. नसेल तर सोडून द्या.

राहिली क्रीडा प्रबोधिनी. ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि हिच्याबद्दलच आपल्या गावांत सगळ्यात कमी माहिती आहे. राज्य सरकारची निवासी योजना आहे. राहणं, जेवण, शिकवणं सरकारकडं. पण निवड चाचणी घेऊन होते आणि ती मुलं लहान असतानाच होते. बारावी झाल्यावर आठवण येऊन उपयोग नाही. यंदाच्या चाचण्या कधी, कुठं, कोणत्या वयाला, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात समजतं. ग्रामसंघाच्या लेटरहेडवर एक अर्ज लिहून विचारा. एकटी आई गेली तर "नंतर या" म्हणतात, ग्रामसंघाचं पत्र गेलं की उत्तर येतं. हे आपण रेशनच्या वेळी बघितलंय.

आणि एनसीसी विसरू नका. शाळा-कॉलेजात एनसीसी असेल तर तिथं रायफल हातात मिळते, फुकट. अंजली भागवत एनसीसीतूनच आल्या. पोरीला खरंच गोडी आहे की चार दिवसांची हौस, हे कळायला यापेक्षा स्वस्त जागा नाही.

आता एका गटातली गोष्ट सांगते. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या एका ताईंनी मुलीच्या रायफलीसाठी कर्ज मागितलं. स्पर्धेची परदेशी रायफल काही लाखांत जाते, त्यांना जुनी मिळत होती, तरी सव्वा लाख. गटात वाद झाला. एक म्हणाली, "एवढ्यात लग्न होतंय पोरीचं." दुसरी म्हणाली, "माझ्या म्हशीला पन्नास हजार देताना तुम्ही दहा प्रश्न विचारले, आता बंदुकीला सव्वा लाख?" मला दुसरीचा प्रश्न रास्त वाटला. पहिलीचं काही बोलत नाही, तुम्ही समजून घ्या.

मी तिथं एवढंच विचारलं की रायफल आत्ता कशाला? पहिलं वर्षभर रेंजवरच्या बंदुकीवर शिकता येतं. मुलगी वाढत्या वयाची, हात-खांदे बदलणार, शिवाय रायफलीत जमतंय की पिस्तुलात हेही अजून ठरायचंय. खर्च खरा कशाचा आहे? राहण्याचा. मग त्या ताईंनी अर्ज बदलला. कोल्हापुरात मावशीकडं राहायचं, मावशीला जेवणाचे आणि वर रेंजच्या फीचे मिळून महिन्याला तीन हजार, सहा महिन्यांचे अठरा हजार. गटाच्या अंतर्गत कर्जातून, महिना एक टक्क्यानं, अठरा हप्ते. पहिला हप्ता एक हजार एकशे ऐंशी. तो फिटणार दुधाच्या पैशातून, हे त्यांनी लिहून दिलं. ही ओळ मला फार आवडली. मुलगी जिंकेल आणि कर्ज फेडेल, असं कुठंही लिहिलं नव्हतं. पोरीच्या डोक्यावर हप्ता ठेवून तिला नेम धरायला लावलं तर हात कापणारच.

ठराव झाला, पण एकमतानं नाही. म्हशीवाल्या ताईंनी शेवटपर्यंत सही केली नाही. तोही त्यांचा हक्क आहे.

आता छर्‍यांचा खर्च. एका डबीत पाचशे असतात. रोज शंभर नेम मारले तर पाच दिवसांत डबी संपते. म्हणून मोठे खेळाडूसुद्धा छर्‍याशिवाय सराव करतात. नुसती रायफल धरायची, नेम घ्यायचा, श्वास सोडायचा, चाप ओढायचा. याला कोरा सराव म्हणा. भिंतीवर ठिपका काढला की घरात होतो. म्हणजे नवशिक्या मुलीनं शनिवार-रविवार रेंजवर आणि बाकीचे दिवस घरी, असं केलं तरी पहिलं वर्ष निघतं, आणि घर सोडायचा निर्णय घाईनं घ्यावा लागत नाही.

उत्तर प्रदेशात बागपत जिल्ह्यात जोहडी नावाचं गाव आहे. तिथल्या चंद्रो तोमर साठी ओलांडल्यावर नातीबरोबर गावातल्या रेंजवर गेल्या. नात घाबरत होती म्हणून सोबत. तिथं आजीनंच बंदूक उचलली आणि नेम बरोबर लागला. घरी लपूनछपून पाण्यानं भरलेला जग हातात धरून हात स्थिर करायचा सराव करायच्या, डोक्यावर पदर तसाच. त्यांची जाऊ प्रकाशी तोमर पण आल्या. दोघींनी कितीतरी पदकं मिळवली. प्रकाशींची मुलगी सीमा हिनं २०१० मध्ये विश्वचषकात रौप्य घेतलं. चंद्रो आजी २०२१ मध्ये कोरोनात गेल्या. त्यांच्यावर हिंदी सिनेमाही निघाला. पण सिनेमात आजी मोठी दिसते आणि रेंज मागं राहते. तिथं रेंजच गावात होती, साध्या जागेत सुरू केलेली. पोरींना कुठं ठेवायचं हा प्रश्नच आला नाही. संध्याकाळी घरी भाकरीला हजर.

मग आपल्याकडं? तेहतीस फूट लांब आणि मागं पक्की भिंत असलेली जागा आपल्या पाच तरी गावांत आहे. ग्रामसंघाचं रिकामं गोदाम आहे, जुन्या शाळेच्या खोल्या आहेत. पण म्हणून उद्या कुणी तिथं पत्रा ठोकून छर्रे मारायला लागू नका. छर्रा डोळ्यात गेला तर डोळा जातो. प्रशिक्षकाशिवाय नाही, आणि जिल्हा रायफल असोसिएशनला विचारल्याशिवाय नाही. छर्रे अडवणारी पेटी लागते, नेमाच्या बाजूला दार-खिडकी चालत नाही, एकानं सांगितल्याशिवाय कुणी कागद बदलायला पुढं जायचं नाही. आणि छर्रे शिशाचे असतात, म्हणून साबणानं हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही.

पोरीला कुठंही ठेवा, आधी स्वतः जाऊन या. बाबा गेले तरी तुम्ही जा. रेंजवर बायकांचं स्वच्छतागृह आहे का बघा, कुलूप लावलेलं नव्हे, वापरातलं. अजून किती मुली येतात, त्यांच्या आयांशी बोला. सराव किती वाजता सुटतो आणि त्या वेळी रस्त्यावर माणसं असतात का, ते त्या वेळेलाच थांबून बघा. उभं राहायची पद्धत शिकवताना प्रशिक्षकाला खांदा-कोपर धरून दाखवावं लागतं. ते सगळ्यांसमोर आणि मुलीला विचारून झालं पाहिजे, हे पोरीलाही सांगा आणि प्रशिक्षकालाही. तोंडावर सांगा, चांगल्या माणसाला राग येत नाही. १०९८ हा नंबर तिच्या वहीत लिहून द्या.

नोकरीचं सगळ्याच विचारतात. राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. स्वप्नील रेल्वेत तिकीट तपासनीस होता, राही महसूल खात्यात अधिकारी. पण त्यासाठी ठरलेल्या स्पर्धेची प्रमाणपत्रं लागतात आणि ती तपासून घ्यावी लागतात. गल्लीतल्या स्पर्धेची ट्रॉफी कपाटात शोभते, अर्जाला चालत नाही. शालेय स्पर्धांपासूनचा प्रत्येक कागद एका फाईलीत ठेवा. आपल्या गटाचं दप्तर जसं ठेवता तसंच.

येत्या महिन्यात दुसऱ्या रविवारी आपण कोल्हापूरची रेंज बघायला जायचं ठरवतोय. रेंजवाल्यांशी आधी बोलून घेते, मगच नक्की वेळ सीआरपी ताईंकडून कळेल. एका गाडीत बसतील एवढ्याच, म्हणून नावं आत्ताच द्या. मुलगी असेल तर तिला आणा, सून असेल तर तिलाही आणा. डबा आपला आपण. आणि त्या म्हशीवाल्या ताईंचं नाव मी आधीच लिहून ठेवलंय, त्या येते म्हणाल्यात.