जंगलात कशाला गेली होती?

(कार्यकर्त्या महिलांच्या शिबिरात केलेलं भाषण)



मला ‘वाघ आणि माणूस संघर्ष’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी-सिंदेवाही भागात काम करते. तिथे वाघाने बाई मारली की पंचनाम्याच्या जागी, मयतीत, चहाच्या टपरीवर एकच प्रश्न ऐकू येतो : ‘जंगलात कशाला गेली होती?’ आज मी या प्रश्नाचंच उत्तर देणार आहे.

आमचा भाग धानाचा. गावाच्या एका अंगाला बांध्या, बोड्या, तलाव. दुसऱ्या अंगाला थेट जंगल. ताडोबाचं राष्ट्रीय उद्यान १९५५ सालचं, पण वाघ नकाशावरची हद्द पाळत नाही. ब्रह्मपुरीचं बरंचसं जंगल अभयारण्यात मोडत नाही, तरी तिथे वाघिणी पिल्लं वाढवतात. धानावर रानडुकरं येतात, त्यांच्या मागे वाघ येतो. म्हणजे बाई जंगलात गेली नाही, तरी जंगल बांधावर आलेलंच असतं.

आता ती जाते कशाला? मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला. ती पहाटेच वेचावी लागतात, नाहीतर गुरं-हरणं खातात. मे महिन्यात तेंदूपत्ता. हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. पहाटे निघून पानं तोडायची, दुपारी घरी बसून ७० पानांचं एकेक पुडकं बांधायचं, संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचं. खरिपाचं बियाणं आणि पोरांच्या वह्या या पैशातून येतात. शिवाय रोजचं सरपण. गॅसची टाकी घरात आहे, पण ती भरून आणायला पैसे नाहीत. ही सगळी कामं वाकून, उकिडवं बसून करायची. तशी बसलेली बाई वाघाला माणूस वाटत नाही, असं जाणकार सांगतात. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या एकाच गावच्या तीन बायका एकाच दिवशी मारल्या गेल्या. त्या मजुरीवर गेल्या होत्या. कारखान्यात तीन कामगार मेले तर ‘कामावर कशाला गेले होते’ असं आपण विचारतो का?

मृत्यूनंतरचंही बोलू या. राज्य सरकारने २०२३ मध्ये भरपाई २५ लाख रुपये केली. त्यातला काही भाग लगेच मिळतो, बाकीचा बँकेत मुदत ठेव म्हणून राहतो. रक्कम मोठी आहे, म्हणूनच तिच्याकडे बघायला हवं. नवरा गेला तर सही करायला सासरे-दीर पुढे होतात आणि पासबुक विधवेच्या हातात राहत नाही. बाई गेली तर पैसा घरात येतो, पण तिचं काम कोण करणार? थोरली पोरगी शाळा सोडून चुलीपाशी बसते. हे मी एकाच घरात पाहिलेलं नाही.

मग उपाय कोणते सुचवले जातात? ‘एकटीने जाऊ नका, अंधारात जाऊ नका, जंगलात जाऊच नका.’ सूचना चुकीच्या नाहीत. पण त्या पाळायच्या तर बुडालेली मजुरी कोण देणार, हे त्यात नसतं. बंदी घालायला काहीच खर्च येत नाही. तो सगळा बाईच्या अंगावर पडतो.

‘वाघ की बाई’ या भांडणात मला पडायचं नाही. वाघ राहणार आहे, आम्हालाही तिथेच राहायचं आहे. प्रश्न आहे तो ठरवणार कोण, हा. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर गावाचा हक्क मान्य केला. त्याच्या नियमांत ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी हजर लोकांत किमान एक तृतीयांश बायका हव्यात, असं म्हटलं आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्याच पाचगावला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्या ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडणं बंद केलं आणि बांबूच्या विक्रीवर रोजगार उभा केला. बंदी तिथेही आहे. फरक एवढाच की ती गावाने स्वतः घातली आणि आधी पर्यायी काम शोधलं.

प्रत्येक गावाला हे जमेल असं नाही. सगळीकडे बांबू नाही. पण पुढच्या ग्रामसभेत आपण पाच गोष्टी मागू शकतो. हंगामाच्या आधी वाघाचा वावर कुठे आहे, याची माहिती बायकांना थेट मिळावी, फक्त पोलीस पाटलाला नव्हे. तोडाईच्या जागा आणि वेळ बायकांच्या बैठकीत ठरावी. जंगल बंद ठेवलं त्या दिवसांची मजुरी मिळावी. गॅस भरण्याला मदत व्हावी, आणि घराजवळ पाणी असलेला, वापरता येईल असा संडास हवा. आणि भरपाईच्या प्रकरणात गावातल्या दोन बायकांनी वारस विधवेसोबत बँकेत जावं.

यातली शेवटची गोष्ट करायला कुठल्याही सरकारी आदेशाची वाट पाहायला नको. ती आपण उद्यापासून सुरू करू शकतो.