परभूमीवरील युद्धाचा हिशेब



वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी या नगरीत होती आणि त्याच शाखेतील हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची काही सर्वोत्कृष्ट लेणी घडली. त्याचा मंत्री वराहदेव याने कोरविलेल्या सोळाव्या लेण्यातील शिलालेख त्या राजवंशाची परंपरा आजही सांगतो. राज्य कसे चालवावे, याचा विचार जेथे शतकानुशतके झाला, त्या नगरीत राज्यकर्त्यांना विचारावयाचा एक जुना प्रश्न उपस्थित करणे अप्रस्तुत ठरू नये. स्वदेशाच्या सीमेपलीकडे, परक्या भूमीवर दीर्घकाळ चालणारे युद्ध त्यात खर्ची पडणाऱ्या माणसांच्या मोलाचे असते काय?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. युद्धाच्या किमतीची चौकशी करणारा तो युद्धाला भिणारा, असे समीकरण सहज मांडले जाते. भारतीय परंपरेला ते मान्य नाही. ज्या श्रीकृष्णाने कुरुक्षेत्रावर अर्जुनाला शस्त्र उचलावयास लावले, तोच त्यापूर्वी हस्तिनापुरी शिष्टाईसाठी गेला होता. पाच गावांवरही समाधान मानण्याची पांडवांची तयारी होती. ती नाकारली गेल्यावरच शंख वाजले. आणि महाभारत विजयाच्या दुंदुभीवर थांबत नाही. अठरा दिवसांच्या संग्रामानंतर व्यासांनी स्त्रीपर्व मांडले आहे. गांधारी आणि कुरुकुलातील स्त्रिया रणांगणावर आपापली माणसे शोधीत फिरतात आणि विजयी युधिष्ठिराला हाती आलेले राज्य नकोसे होते. युद्ध न्याय्य असले तरी त्याचा हिशेब चुकत नाही, हे सांगावयास व्यास विसरले नाहीत.

कौटिल्याची ख्याती तर शांततावादी म्हणून मुळीच नाही. तरीही अर्थशास्त्राच्या सातव्या अधिकरणात तो स्पष्ट मत देतो की, संधी आणि विग्रह या दोहोंपासून सारखाच लाभ होणार असेल, तर राजाने संधीच पत्करावा. कारण विग्रहाला चार दोष चिकटलेले असतात. क्षय, म्हणजे माणसांचा नाश. व्यय, म्हणजे धनाचा खर्च. प्रवास, म्हणजे स्वदेशापासून दूर राहणे. आणि प्रत्यवाय, म्हणजे ओढवणारी विघ्ने व अनर्थ. ही चार वजने आहेत. स्वतंत्र भारताने परभूमीवर लढलेल्या सर्वांत दीर्घ युद्धाला, म्हणजे श्रीलंकेतील मोहिमेला, ती लावून पाहिली पाहिजेत.

दि. २९ जुलै १९८७ रोजी कोलंबो येथे पंतप्रधान राजीव गांधी आणि राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर स्वाक्षऱ्या केल्या. दुसऱ्याच दिवशी मानवंदना स्वीकारीत असताना श्रीलंकेच्या एका नौसैनिकाने भारताच्या पंतप्रधानांवर बंदुकीच्या दस्त्याने प्रहार केला. या मोहिमेचे यजमान तिच्याकडे कोणत्या नजरेने पाहत होते, हे त्या एका क्षणात दिसून आले होते. भारतीय शांतिसेना तेथे गेली ती शांतता राखण्यासाठी आणि तामिळ संघटनांची शस्त्रे जमा करून घेण्यासाठी. अडीच महिन्यांच्या आत, ऑक्टोबर १९८७ मध्ये, ती त्याच तामिळ भूमीवर लिट्टेशी उघड युद्ध करीत होती. ज्यांच्या रक्षणासाठी जावयाचे, त्यांच्याच घरांच्या आडून येणाऱ्या गोळ्या झेलावयाच्या, अशी ती विचित्र अवस्था होती.

आता पहिले वजन, क्षय. ११ ऑक्टोबर १९८७ च्या रात्री जाफना विद्यापीठाच्या परिसरात हेलिकॉप्टरने तुकड्या उतरविण्यात आल्या. शीख लाइट इन्फन्ट्रीच्या तेराव्या बटालियनचे ३० जवान तेथे उतरले. पुढील मदत पोहोचू शकली नाही. त्यांपैकी २९ जण लढता लढता पडले आणि एक शत्रूच्या हाती लागला. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन शोधमोहिमेवरून परतत असताना त्यांच्या तुकडीवर दबा धरून हल्ला झाला. छातीत गोळी लागलेली असतानाही त्यांनी समोरच्या अतिरेक्याची रायफल हिसकावून त्याला ठार केले आणि अखेरच्या श्वासापर्यंत आपल्या जवानांना आदेश दिले. मुंबईत जन्मलेल्या या वीराला मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. महार रेजिमेंट आणि मराठा लाइट इन्फन्ट्री यांचे नाते महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांशी आहे आणि दोहोंचे जवान या मोहिमेत होते. ३२ महिन्यांत सुमारे १,२०० भारतीय सैनिक प्राणाला मुकले आणि तीन हजारांहून अधिक जखमी झाले. जाफन्यातील सामान्य तामिळ कुटुंबांनी जे भोगले, ते या आकड्यांत धरलेलेच नाही. तीही माणसेच होती आणि ती या देशाला परकी नव्हती.

दुसरे वजन, व्यय. हे वजन वऱ्हाडला कोणी समजावून सांगावयास नको. निजामाच्या नावाने, परंतु इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली जी हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज उभी राहिली, तिच्यातील पलटणी १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांविरुद्ध लढल्या. वाशीमपासून जवळच हिंगोलीस तिची छावणी होती. फौजेवर हुकमत कंपनीची आणि खर्च निजामाचा, असा तो व्यवहार होता. खर्च थकत गेला आणि १८५३ च्या तहाने त्याच्या वसुलीसाठी निजामाने वऱ्हाड प्रांत कंपनीकडे लावून दिला. १९०२ मध्ये तो वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेला. म्हणजे वाशीमच्या शेतकऱ्याने भरलेल्या सारा-वसुलीतून, ज्या फौजेशी त्याचे काहीही देणेघेणे नव्हते, तिचे पगार भागविले गेले. युद्धाचे कर्ज युद्ध करणारा फेडत नाही. ते नांगर धरणारा फेडतो, आणि तेही अनेकदा लढाई विस्मृतीत गेल्यावर. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ मध्ये ज्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांना विशेष पॅकेज जाहीर करावे लागले, त्यांत वाशीमही होता. ज्या राष्ट्राच्या गाठीशी असा जिल्हा आहे, त्याने परभूमीवर रुपया खर्चताना दोनदा विचार केला पाहिजे.

तिसरे वजन, प्रवास. कौटिल्याने घरापासून दूर राहणे हा युद्धाचा स्वतंत्र दोष मानला, यात मानवी स्वभावाचे मोठे ज्ञान आहे. आपल्या शेताच्या बांधावर लढणारा माणूस आणि हजारो कोसांवर दुसऱ्यासाठी लढणारा माणूस यांच्या मनःस्थितीत अंतर असते. पहिल्या महायुद्धात पूना डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, पाठविली गेली. डिसेंबर १९१५ पासून कुत येथे ती तुर्कांच्या वेढ्यात अडकली. मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या पलटणी त्यात होत्या. १४७ दिवसांचा तो वेढा. अन्न संपले, घोडे मारून खाण्याची पाळी आली आणि अनेक हिंदी शिपायांनी धर्मभावनेपोटी तेही दीर्घकाळ नाकारले. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार सैनिकांनी शरणागती पत्करली. त्यांना सोडविण्याच्या प्रयत्नांत सुमारे २३ हजार सैनिक ठार वा जखमी झाले होते. वाचवावयाच्या माणसांहून वाचविताना गमावलेली माणसे अधिक! पुढे कैदेत, वाळवंटातील पायपिटीत आणि रेल्वेच्या कामावर किती खपले, त्याची कथा निराळीच. इंग्रजांनी बसरा येथे स्मारक उभारले. परंतु त्यावर बहुसंख्य हिंदी शिपायांची नावे कोरली गेली नाहीत. पलटणीच्या नावापुढे केवळ संख्या लिहिली गेली. दुसऱ्याच्या साम्राज्यासाठी मरणाऱ्याला नाव मिळत नाही, आकडा मिळतो.

चौथे वजन, प्रत्यवाय. श्रीलंकेच्या मोहिमेत हे वजन सर्वांत जड ठरले. जानेवारी १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्षपदी आलेल्या प्रेमदासांनी त्याच वर्षीच्या जूनमध्ये भारतीय सैन्याने जुलैअखेर देश सोडावा, अशी मागणी केली. एवढ्यावर ते थांबले नाहीत. शांतिसेनेशी लढणाऱ्या लिट्टेला त्यांच्या राजवटीने गुप्तपणे शस्त्रे पुरविली. २४ मार्च १९९० रोजी अखेरची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. परतणाऱ्या सैन्याच्या स्वागतास तामिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी यांनी जाण्याचे नाकारले. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूर येथे लिट्टेच्या मानवी बॉम्बने राजीव गांधींचा बळी घेतला. १९९३ मध्ये प्रेमदासाही तशाच हल्ल्यात मारले गेले. श्रीलंकेतील यादवी त्यानंतरही मे २००९ पर्यंत धुमसत राहिली.

न्यायाने बोलावयाचे तर जमेची बाजूही मांडली पाहिजे. जाफना शहर सैन्याने घेतले. त्रिंकोमालीचे बंदर परकीय सत्तांच्या हाती जाऊ नये, ही चिंता निराधार नव्हती. शांतिसेनेच्या संरक्षणात १९८८ मध्ये उत्तर-पूर्व प्रांताची निवडणूक झाली आणि प्रांतिक परिषदेची व्यवस्था अस्तित्वात आली. मात्र सैन्य निघताच तेथील प्रांतिक सरकार कोसळले आणि ज्या दोन प्रांतांचे एकत्रीकरण करारात होते, ते २००६ मध्ये श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविले. सैन्य शौर्यात उणे पडले नाही. उद्दिष्ट मध्येच बदलले, आणि बदललेल्या उद्दिष्टासाठी आणखी किती माणसे द्यावयाची, हा प्रश्न दिल्लीत वेळीच पुन्हा विचारला गेला नाही.

याच्या उलट चित्र १९७१ चे. तेही युद्ध पूर्वेला परभूमीवरच लढले गेले. परंतु सेनाप्रमुख माणेकशॉ यांनी तयारीसाठी अवधी मागितला आणि तो त्यांना मिळाला. उद्दिष्ट एका वाक्यात सांगता येत होते. स्थानिक जनता सोबत होती. ३ डिसेंबरला पेटलेले युद्ध १६ डिसेंबरला शरणागतीने संपले आणि मार्च १९७२ मध्ये भारतीय सैन्य बांगलादेशातून परत फिरले. त्या युद्धातही हजारो भारतीय जवान धारातीर्थी पडले. तथापि त्यांच्या घरच्यांना त्या बलिदानाचे कारण सांगताना कोणाला अडखळावे लागले नाही.

जगाचा अनुभवही याहून निराळा नाही. व्हिएतनाममध्ये अमेरिकेने ५८ हजारांहून अधिक सैनिक गमावले आणि तिने सैन्य काढून घेतल्यावर १९७५ मध्ये सायगाव पडलेच. सोव्हिएत रशिया अफगाणिस्तानात १९७९ मध्ये शिरला आणि दहा वर्षांनी सुमारे १५ हजार सैनिकांचे प्राण गमावून बाहेर पडला. त्याच देशात २००१ मध्ये अमेरिका गेली. वीस वर्षांनी, ऑगस्ट २०२१ मध्ये, ज्यांना हटविण्यासाठी ती गेली होती, तेच तालिबान काबूलमध्ये परतले. बलाढ्य राष्ट्रांनाही युद्धात शिरण्याची वाट ठाऊक असते, निघण्याची नसते. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये पेटलेल्या युद्धाची झळ तर भारतीय घरांनाही लागली. नोकरीच्या आमिषाने रशियात गेलेले तरुण आघाडीवर ढकलले गेले. त्यांपैकी १२ जण मरण पावल्याचे परराष्ट्र मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले.

एक आक्षेप येथे घेतला जातो आणि तो मनापासूनचा असतो. मोहिमेची अशी चिकित्सा केली तर हुतात्म्यांच्या बलिदानाचा अवमान होत नाही काय? याचे उत्तर नाही असेच आहे. सैनिकाचा धर्म आज्ञा पाळण्याचा आहे आणि तो मेजर परमेश्वरन यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्णत्वाला नेला. त्यांचा हिशेब चुकता झालेला आहे. हिशेब राहतो तो आज्ञा देणाऱ्यांचा. ‘इतके गेले, आता मागे कसे फिरावे?’ या युक्तिवादानेच जगातील दीर्घ युद्धे लांबली आहेत. गेलेल्यांच्या नावावर आणखी माणसे पाठविणे, हा गेलेल्यांचा सन्मान नव्हे. खरा अवमान विस्मरणात असतो. दिल्लीतील राष्ट्रीय समर स्मारकात शांतिसेनेच्या जवानांची नावे कोरली गेली ती २०१९ मध्ये, मोहीम संपल्यानंतर जवळजवळ २९ वर्षांनी. ज्या देशात ते लढले, त्या श्रीलंकेत त्यांचे स्मारक त्याआधीच उभे राहिले होते.

रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा वा मानोरा तालुक्यातील एखाद्या गावातून सैन्यभरतीसाठी मुलगा निघतो, तेव्हा मागे दोन-चार एकर सोयाबीन आणि वाट पाहणारी आई राहते. देशाच्या सीमेसाठी तो मागितला, तर ती माउली डोळे पुसून देईल. तिने आजवर दिलाच आहे. परंतु परक्या भूमीसाठी तो मागणाऱ्याने तिच्यापुढे उभे राहून तीन गोष्टी सांगितल्या पाहिजेत: कशासाठी, कोठवर आणि परत केव्हा. ज्या राज्यकर्त्याला या तिन्हींचे उत्तर देता येत नाही, त्याने तिच्या दाराशी जाऊ नये.