जठरातील जिवाणू आणि पूर्ण उपचाराचे मोल
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषण)



पोटदुखी, जळजळ, आम्लपित्त या तक्रारी घेऊन आमच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्यांचा समज बहुधा ठरलेला असतो: तिखट बाधले, जागरण झाले, काळजी फार केली. एकेकाळी वैद्यकशास्त्राचे मतही याहून फारसे निराळे नव्हते. १९८२ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरेन व बॅरी मार्शल यांनी जठराच्या अस्तरात राहणारा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून दाखविला. हाच हेलिकोबॅक्टर पायलोरी. या शोधास २००५ चे नोबेल पारितोषिक लाभले.

हा जिवाणू आपल्या देशात अतिशय सर्रास आढळतो. त्याचा संसर्ग बहुधा बालपणी, दाटीवाटीच्या घरांत, कुटुंबातूनच होतो. बहुसंख्यांना तो आयुष्यभर जाणवतही नाही. मात्र जठर व लहान आतड्याच्या आरंभीच्या भागातील व्रणांचे तो एक प्रमुख कारण आहे. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याची गणना कर्करोगकारक घटकांत केली. म्हणून पोटाची प्रत्येक तक्रार याच्या माथी मारता येत नाही, तशीच तपासणी टाळूनही चालत नाही.

उपचार साधारणतः १४ दिवसांचे असतात. आम्ल कमी करणाऱ्या औषधासोबत दोन किंवा अधिक प्रतिजैविके घ्यावी लागतात. चार दिवसांत दुखणे ओसरले की पुष्कळ रुग्ण गोळ्या सोडतात. जिवाणू मात्र तग धरतो आणि पुढे त्या औषधांना दाद देईनासा होतो. औषधे संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची अथवा शौचाची फेरतपासणी आवश्यक असते. पण दुखत नसताना एक दिवसाची मजुरी बुडवून, बसभाडे भरून कोण येणार?

देणगीतून यंत्र आले की त्यावर दात्याच्या नावाची पाटी झळकते. चौदाव्या दिवसाच्या गोळीवर अशी पाटी लागत नाही. तथापि जमाखर्चाच्या दृष्टीने पाहता, अर्धवट राहिलेल्या उपचारावरील सारा खर्च वाया जातो. यास्तव आपल्या दानाचा काही अंश गरजू रुग्णांची औषधे, फेरतपासणी व प्रवासखर्च यांसाठी राखून ठेवावा, अशी आमची नम्र विनंती आहे. कुटुंबीयांनीही घरच्या रुग्णाचे १४ दिवस मोजावेत आणि त्यास फेरतपासणीस आवर्जून आणावे.