विचारून तर बघा

प्राचार्य मॅडम, संस्थेचे पदाधिकारी, माझे सर, आणि मघापासून ‘भाषण आवरा, डान्स येऊ द्या’ असं डोळ्यांनी सांगणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

मॅडमनी विषय दिलाय, ‘संगीतक्षेत्रातील करिअरच्या संधी’. मी घरी एकट्याने प्रोग्रेसिव्ह मेटल करतो. गिटार, बास, ड्रमचं प्रोग्रॅमिंग सगळं एकाच खोलीत. गाणी लांबलचक आणि मधेच ताल बदलणारी. ज्यांना सात मात्रांचा रूपक येतो त्यांनी घाबरायचं कारण नाही, आवाज तेवढा मोठा असतो. गायला दर वेळी वेगळं माणूस बोलावतो, कारण माझा गळा या सभागृहाने एकदा ऐकलाय. झाल्या संधी सांगून!

खरं तर आत शिरलो आणि सायकल स्टँडमागची ती संगीताची खोली आठवली. तिथल्या पेटीची एक पट्टी अडकायची. सर तिच्याखाली पोस्टकार्डाची घडी सरकवायचे आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पुढचा अलंकार सांगायचे. सर, हसताय, पण पोस्टकार्ड ग्रंथालयातून यायचं हे तिथल्या मामांना विचारा. मामा पहिल्याच रांगेत बसलेत. दिवसभर पुस्तकांवर शिक्के मारायचे आणि रात्री भजनी मंडळात पखवाज. गॅदरिंगला गिटार घेऊन उभं राहायचं ठरलं, ड्रमर मिळेना. मी काउंटरवर जाऊन म्हटलं, “मामा, आमच्याबरोबर वाजवाल का?” मामांनी आधी पुस्तकांचा थकलेला दंड वसूल केला, मग विचारलं, “लय काय आहे?” माझे पहिले पाहुणे कलाकार हे.

तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे, आणि घरचे त्याला कंटाळलेत: विचारा. काम एकट्याने करा, हट्टाने करा, पण जे आपल्याला जमत नाही ते ज्याला जमतं त्याला जाऊन विचारा. ‘तो एवढा मोठा, कशाला येईल’ हे त्याच्या वतीने तुम्ही ठरवू नका.

नेदरलँड्समध्ये आर्येन लुकासन नावाचा माणूस आहे. ‘एरिऑन’ या नावाने १९९५ पासून अल्बम काढतोय. बरीच वाद्यं स्वतः वाजवतो, गायक मात्र गोळा करतो. २००४च्या ‘द ह्यूमन इक्वेशन’मध्ये अपघातानंतर कोमात गेलेल्या माणसाचे २० दिवस आहेत, आणि गाणीही २०. आपल्या संगीत नाटकासारखी पात्रं वाटलेली. तो माणूस म्हणजे ड्रीम थिएटर बँडचा जेम्स लाब्री. त्याच्या मनातली भीती गातो ओपेथ बँडचा मिकाएल ओकरफेल्ट आणि संताप डेविन टाउनसेंड. स्वतःकडे लुकासनने ठेवली मित्राची भूमिका. आणि बायकोच्या भूमिकेसाठी? अनोळखी गायिकांची स्पर्धा लावली! मेक्सिकोतल्या मार्सेला बोविओने ती जिंकली, आणि ती लाब्रीच्या जोडीला गायली. पुढच्या वर्षी लुकासन आणि तिच्या ‘स्ट्रीम ऑफ पॅशन’ या बँडचा अल्बमही आला. त्याने विचारलं म्हणून ती सापडली, हे खरंच. पण तिनेही ‘मला कोण घेतंय’ म्हणत घरी बसायचं ठरवलं असतं तर?

तिसऱ्या रांगेत गिटार पोत्यासारखी मांडीवर धरून बसलेला मुलगा दिसतोय. बाळा, शेजारच्या मुलीने मघाशी स्वागतगीत गायलं, वरचा षड्ज कसा लावला ऐकलंस ना? मग तिला विचारलंस का? नाही ना! लाजतोय बघा. अरे, गाण्याबद्दल विचार म्हणतोय मी.

मॅडम, विचारायचंच म्हणतोय तर तुम्हालाही विचारतो: संगीताची खोली संध्याकाळी सातपर्यंत उघडी राहील? किल्ली मामांच्या जागी आता जे कुणी आहेत त्यांच्याकडे द्या. मान हलवलीत, सगळ्यांनी पाहिलंय.

आणि शेवटी, लेझीमच्या वेळी ताशा कोण वाजवत होतं? तू? उभी राहा जरा. माझ्या नव्या गाण्यात एक सात मात्रांचा तुकडा आहे, तिथे प्रोग्रॅमिंगचा ताशा फार मिळमिळीत वाटतोय. वाजवशील? मानधन मिळेल, नावही छापून येईल. घरी विचारून सांग. बक्षीस समारंभ होईपर्यंत मी इथेच आहे.