हिरव्या टेबलाचा ताळेबंद



कामगार चळवळीत उभी हयात घालविलेल्या माणसाने बोनस, महागाईभत्ता, फार तर संपाचा कायदा यांवर बोलावे, अशी लोकांची समजूत असते. तेव्हा कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे स्नूकरच्या एका जगज्जेत्याचे नाव पाहून काहींना अचंबा वाटला असेल. परंतु आमचे सारे शिक्षण पगारपत्रके वाचण्यात झाले. कोणी किती काम केले, किती पैसा निर्माण झाला आणि त्यातला कोणाच्या पदरात किती पडला, हे पाहण्याची आम्हांला खोड लागली आहे. तीच खोड आज आम्ही एका खेळाला लावून पाहणार आहोत.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द. बारा फूट लांब व सहा फूट रुंद असे टेबल; खाली स्लेटच्या जड फरशा, वर हिरवे लोकरी कापड. पंधरा तांबडे चेंडू, प्रत्येकाचा एक गुण. इतर सहा रंगांना दोनपासून सातपर्यंत गुण. पांढऱ्या चेंडूला काठीने टोला द्यावयाचा आणि त्याने दुसरा चेंडू खळग्यात घालावयाचा. हा खेळ जन्मला आपल्याच देशात. १८७५ साली जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या एका तरुण लष्करी अधिकाऱ्याने तो काढला, असे मानतात. (पुढे पंतप्रधान झालेले चेंबरलेन ते वेगळे.) १८८२च्या सुमारास उटकमंडच्या क्लबात त्याचे नियम बांधले गेले. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेही १८७५ सालच. एका ठिकाणी साहेबाने काठी उचलली, दुसऱ्या ठिकाणी आमच्या लोकांनी तोंड उघडले! याच कुळातल्या बिलियर्डच्या खेळात पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यास हौशी खेळाडूंचे जगज्जेते झाले. तेव्हा हा खेळ आपणांस अगदीच परका नाही.

परंतु आज ज्याची कथा सांगावयाची तो माणूस वेल्समधला. रे रिअर्डन त्याचे नाव. १९३२ साली ट्रेडेगर या कोळशाच्या गावी, खाणकामगाराच्या घरी त्याचा जन्म झाला. आठव्या वर्षी चुलत्याने त्याला खेळ दाखविला. दहाव्या वर्षी तो आठवड्यातून दोनदा गावच्या कामगार-संस्थेत सरावाला जाऊ लागला. चौदाव्या वर्षी मोठ्या शाळेत जागा मिळत असताना ती सोडून तो बापामागोमाग टी ट्रिस्ट नावाच्या खाणीत उतरला. वेल्श भाषेत या नावाचा शब्दशः अर्थ ‘दुःखी घर’ असा होतो. खाणीत तो पांढरे हातमोजे घालून काम करी. सोबत्यांना त्याची गंमत वाटली असेल. परंतु त्याला आपले हात सांभाळावयाचे होते. आमच्यांतला भजनी मंडळातला मृदंग्या साच्यावर काम करताना बोटांना जपतो, तसेच हे.

१९५० ते १९५५ अशी सहा वर्षे ओळीने तो वेल्सचा हौशी अजिंक्यवीर होता. परंतु अजिंक्यपद घरी नेऊन चूल पेटत नाही. तो खाणीत जातच राहिला. कुटुंबाबरोबर तो स्टोक गावी आला आणि तेथल्या खाणीत एके दिवशी छत कोसळून तीन तास दगडाखाली गाडला गेला. त्यातून जिवंत निघाल्यावर त्याने खाण सोडली आणि १९६० साली पोलिसांत शिपायाची नोकरी धरली. १९६४ साली तो इंग्लंडचा हौशी अजिंक्यवीर झाला, आणि १९६७ साली, पस्तिशीच्या उंबरठ्यावर, नोकरी सोडून धंदेवाईक खेळाडू झाला. १९७० साली जगज्जेता. मग १९७३पासून १९७६पर्यंत सलग चार वर्षे. आणि सहाव्यांदा १९७८ साली. त्या वेळी त्याचे वय पंचेचाळीस होते. इतक्या वयात जगज्जेता होण्याचा त्याचा विक्रम मोडावयास २०२२ साल उजाडावे लागले. २०२४च्या जुलैत, एक्याण्णवाव्या वर्षी तो वारला.

आता संपत्तीकडे वळू. १९७८च्या विजेतेपदाचे त्याला साडेसात हजार पौंड मिळाले. हा आकडा लक्षात ठेवा, कारण त्याच्या मागे आणि पुढे पाहावयाचे आहे.

मागे पाहू. १९२७ साली पहिली जागतिक स्पर्धा झाली. तीत दहा खेळाडू होते. डर्बीशरच्या कोळसापट्ट्यातला जो डेव्हिस जिंकला आणि त्याच्या वाट्याला आले साडेसहा पौंड! विजेत्याचा चषकसुद्धा खेळाडूंच्याच प्रवेश-फीमधून घेतलेला होता. हा जो डेव्हिस पुढे १९४६पर्यंत पंधरा वेळा जगज्जेता झाला आणि त्या स्पर्धेत एकदाही हरला नाही. म्हणजे कौशल्य साडेसहा पौंडांचे होते असे नव्हे. कौशल्याला बाजार नव्हता, एवढेच.

बाजार नसला तरी भांडण होतेच. १९५२ साली धंदेवाईक खेळाडूंची संघटना आणि खेळाची नियामक संस्था यांच्यांत उत्पन्नाच्या वाटणीवरून तेढ आली. नियामक संस्थेचे म्हणणे असे पडले, की स्पर्धा मुख्यतः मानाची आहे, पैसा दुय्यम. हे वाक्य आम्हांला फार ओळखीचे वाटते. शिक्षकाला, परिचारिकेला, अंगणवाडीच्या बाईला हेच ऐकविले जाते, की तुमचे काम पवित्र आहे, पगाराचे काय घेऊन बसलात! खेळाडू त्या स्पर्धेत उतरले नाहीत. त्यांनी आपली वेगळी स्पर्धा भरविली. अधिकृत जागतिक स्पर्धेत खेळावयास उरले अवघे दोघे, एक ऑस्ट्रेलियाचा आणि एक न्यूझीलंडचा. हा संपच होता. फक्त संपकऱ्यांच्या अंगांत काळे जाकीट होते.

परंतु नुसता संप करून पोट भरत नाही, मालाला गिऱ्हाईक लागते. १९५७नंतर काही वर्षे स्पर्धाच बंद पडली. मग गिऱ्हाईक आले ते दोन दारांनी. पहिले दार दूरचित्रवाणीचे. १९६९ साली बी. बी. सी.ने रंगीत चित्रांसाठी ‘पॉट ब्लॅक’ हा कार्यक्रम सुरू केला. रंगीत चेंडूंचा खेळ त्याला अगदी सोयीचा. त्याची पहिली स्पर्धा आमच्या रिअर्डननेच जिंकली. दुसरे दार तंबाखूचे. ब्रिटनमध्ये १९६५ साली दूरचित्रवाणीवर सिगारेटच्या जाहिराती करण्यास बंदी झाली. मग सिगारेट कंपन्यांनी खेळांना पैसा द्यावयास सुरुवात केली. जाहिरात दाखवावयाची नाही ना? ठीक, स्पर्धेलाच आपले नाव देऊ, म्हणजे तासन्‌तास ते पडद्यावर राहील. १९७६पासून २००५पर्यंत जागतिक स्पर्धा एका सिगारेटच्या नावाने ओळखली गेली.

आता पुढचे आकडे ऐका. १९७२ साली विजेत्याला ४८० पौंड. १९७८ साली ७,५००. १९८२ साली २५,०००. १९८५ साली ६०,०००. १९९० साली १,२०,०००. आणि २०१९पासून ५ लाख पौंड. टेबल तेच, चेंडू तेच, काळ्या चेंडूचे गुण सातच. माणसाचा हात काही हजारपट कुशल झाला नाही. तात्पर्य, मोबदला केवळ कौशल्यावर ठरत नाही. तो कोण पाहतो, कोण विकतो आणि वाटणीच्या वेळी कोण हजर असतो यावर ठरतो. गिरणीत जे खरे, तेच हिरव्या टेबलावर खरे.

पैसा आला म्हणजे तो टिकतोच असेही नाही. १९७२ साली ४८० पौंड आणि १९८२ साली २५,००० पौंड मिळविणारा अॅलेक्स हिगिन्स हा एकच माणूस होता. बेलफास्टचा, विजेसारखा खेळणारा. दारू, जुगार आणि भांडणे यांत त्याची संपत्ती गेली. पुढे घशाच्या कर्करोगाने त्याला पोखरले. २०१० साली मित्रांना त्याच्या दातांसाठी पैसे गोळा करावे लागले आणि त्याच वर्षी तो बेलफास्टमध्ये, आधारगृहातल्या एका खोलीत मेला. त्याला नावे ठेवणे सोपे आहे. परंतु ज्या धंद्यात भविष्यनिर्वाहनिधी नाही, वृद्धापवेतन नाही, तेथे सारे ओझे एकट्याच्या शहाणपणावर पडते. आणि शहाणपण हे सर्वांना सारखे वाटून मिळालेले नसते.

आणखी एक जोडी आम्ही तुमच्यापुढे ठेवतो. १९८४च्या मार्चपासून ब्रिटनच्या खाणकामगारांनी वर्षभर संप केला आणि १९८५च्या मार्चच्या आरंभी ते हरून कामावर परतले. त्याच वर्षी एप्रिलच्या अखेरीस डेनिस टेलर आणि स्टीव्ह डेव्हिस यांचा अंतिम सामना शेवटच्या काळ्या चेंडूपर्यंत गेला. मध्यरात्र उलटून गेल्यावरही एक कोटी पंच्याऐंशी लाख लोक तो पाहत होते. दोन महिन्यांपूर्वी ज्या वस्त्यांत चूल पेटणे कठीण होते, तेथेही तो पाहिला गेला असेलच. आम्ही त्यांना दोष देत नाही. थकलेल्या माणसाला करमणूक हवी. परंतु एकट्याच्या जयाचा उत्सव करावयास सारा देश जागतो आणि समुदायाच्या पराजयाची रात्र समुदायालाच काढावी लागते, एवढे नोंदवून ठेवावे.

येथे आमचे काही तरुण मित्र विचारतील, “रिअर्डन खाणीतून वर आला ना? मग मनगटात जोर असला की संघटना कशाला?” या प्रश्नासाठीच आम्ही हा विषय घेतला.

रिअर्डन कशाच्या बळावर वर आला? हुशारीच्या, यात वाद नाही. परंतु बारा फुटी टेबल खाणकामगाराच्या घरात मावत नाही. ते विकत घेण्याची ऐपत तर नव्हतीच. ते टेबल होते कामगार-संस्थेत. दक्षिण वेल्समध्ये अशा संस्था खाणकामगार आपल्या आठवड्याच्या मजुरीतून काही पेनी कापून देऊन चालवीत. शिवाय १९२०च्या कायद्याने खाणीतून निघणाऱ्या प्रत्येक टनामागे एक पेनी मालकाकडून खाणकामगारांच्या कल्याणनिधीला मिळू लागली. आणि त्या इमारतींत नुसते टेबल नसे, वाचनालयही असे. ट्रेडेगरच्या त्याच संस्थेच्या पुस्तकांवर रिअर्डनच्या आधी आणखी एक मुलगा वाढला होता. तोही खाणकामगाराचा मुलगा, तोही लहानपणी त्याच टी ट्रिस्ट खाणीत उतरलेला. अन्यूरिन बेव्हन त्याचे नाव. तो पुढे ब्रिटनचा आरोग्यमंत्री झाला आणि ५ जुलै १९४८ रोजी त्याने साऱ्या देशासाठी मोफत वैद्यकीय सेवा सुरू केली. एका खाणीतून, एका संस्थेतून दोन माणसे निघाली. एकाने सहा वेळा जग जिंकले. दुसऱ्याने कोट्यवधी लोकांच्या डोक्यावरचे डॉक्टरच्या बिलाचे भय उतरविले. ज्या अनाम माणसांनी आठवड्याला पेन्या दिल्या, त्यांना यांतला कोण निघणार हे ठाऊक नव्हते. त्यांनी खोली उघडी ठेवली, दिवा लावून ठेवला.

ती खोलीही सर्वांना सारखी उघडी नव्हती, हे आम्ही झाकणार नाही. १९७८ साली, म्हणजे रिअर्डनच्या शेवटच्या विजयाच्याच वर्षी, वेकफील्डच्या एका कामगार क्लबाने स्त्रियांना स्नूकर खेळण्याची मनाई केली. शीला कॅपस्टिक नावाच्या बाई त्याविरुद्ध उभ्या राहिल्या. अशा क्लबांच्या मध्यवर्ती संघाने स्त्रियांना समान हक्क दिले ते २००७ साली! आमच्या संघटनांच्या कचेऱ्यांत चहा कोण करते आणि ठराव कोण मांडते, हे ज्याचे त्याने पाहावे.

आजच्या खेळाडूंचेही थोडके सांगतो. २०१० साली खेळाडूंच्या संघटनेने मतदान घेतले आणि ३५ विरुद्ध २९ मतांनी खेळाच्या व्यापारी कारभाराचा मोठा हिस्सा एका व्यावसायिकाच्या हाती दिला. त्यानंतर स्पर्धा वाढल्या, पैसा वाढला, हे मान्य केले पाहिजे. परंतु शिखरावर पाच लाख असताना तळच्या खेळाडूला प्रवासखर्चही सुटत नाही, अशी ओरड राहिलीच. तेव्हा २०२२च्या हंगामापासून प्रत्येक धंदेवाईक खेळाडूला वर्षाला वीस हजार पौंडांची हमी देण्यात आली. बक्षिसे कमी पडली तर तेवढी भरती. आमच्या भाषेत याला किमान वेतन म्हणतात. जगातल्या अत्यंत एकट्याच्या खेळालाही शेवटी आमच्याच मागणीच्या वाटेवर यावे लागले.

आता ताळेबंद मांडतो. जमेच्या बाजूला एक माणूस, त्याचे हात, त्याचे पांढरे हातमोजे, पस्तिशीत नोकरी सोडण्याचे धैर्य. त्याच बाजूला शेकडो लोकांच्या पेन्या. ही दुसरी रक्कम कोणत्याच चरित्रात ठळक अक्षरांत छापली जात नाही. म्हणून एकट्याची गोष्ट खरी वाटते आणि समुदायाची विसरली जाते.

आपल्याकडेही १९५३ साली मुंबई राज्यात कामगार कल्याणनिधीचा कायदा झाला. कामगारांचे न दिलेले पगार आणि दंडाच्या रकमा त्या निधीत जाव्यात अशी त्यात तरतूद झाली आणि त्यातून कल्याणकेंद्रे उभी राहिली. तेथे कॅरम आहे, वाचनालय आहे, नाट्यस्पर्धा आहेत. ही कोणाची मेहेरबानी नव्हे. तो कामगारांच्याच घामाचा पैसा आहे. तुमच्या वस्तीतले असे केंद्र संध्याकाळी उघडते का, तेथले वृत्तपत्र आजचे असते का, मुलींना तेथे निर्भयपणे बसता येते का, हे उद्या जाऊन पाहा. कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे आहे ते विचारा. एकट्याने नको, पाचजणांनी मिळून विचारा.

आपल्या मुलांतून जगज्जेता निघेल की मंत्री, की नुसता सुखाने चार घटका खेळून घरी जाणारा माणूस, हे आज कोणालाच सांगता येणार नाही. त्या तिघांनाही टेबल लागते, दिवा लागतो आणि दार उघडे लागते. तेवढे आपल्या हातचे आहे.