सगळे बिंदू रेषेवर कसे?
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



'तू तिकडे नेमकं काय करतेस ते सांग, पण थोडक्यात,' असं आयोजकांनी मला बजावलंय. रोबोंचं काम करते म्हटलं की सगळे खूश होतात. मी मात्र आज करसवलतीबद्दल बोलणार आहे. जांभया देऊ नका, गोष्ट शेवटी आपल्या प्रयोगशाळेतच येणार आहे.

मी ब्रिटनमध्ये एका छोट्या ऑटोमेशन कंपनीत सॉफ्टवेअर लिहिते. संशोधन करणाऱ्या लहान कंपन्यांना तिथे २००० सालापासून करात सवलत मिळते. १ एप्रिल २०२४ पासून पुढे सुरू होणाऱ्या हिशेबी वर्षांसाठी नियम बदलले. आता बहुतेक कंपन्यांना पात्र खर्चाच्या २० टक्के रक्कम मिळते, आणि त्या रकमेवरही कर लागतो. म्हणजे २५ टक्के दराने कर भरणाऱ्या कंपनीने संशोधनावर १ लाख पौंड खर्च केले, तर हाती १५ हजार राहतात.

खरी मेख 'संशोधन' या शब्दात आहे. तयार रोबो विकत आणून पॅकिंगच्या लाइनवर बसवला, तर ते संशोधन नव्हे. प्रश्नाचं उत्तर त्या क्षेत्रातल्या जाणकारालाही सहज सापडण्यासारखं नसावं आणि ते शोधताना तंत्रज्ञान पुढे सरकावं, ही अट आहे. समजा, पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशव्या पेटीत अस्ताव्यस्त पडल्यात आणि रोबोने त्यातली एकेक उचलायची आहे. कॅमेऱ्याचा प्रकाश पिशवीतून आरपार जातो, त्यामुळे खोली मोजताच येत नाही. यावर तोडगा शोधताना गेलेले पगाराचे तास, चाचणीत वापरून संपलेला माल, क्लाउडचा खर्च, हे सगळं धरता येतं. आणि गंमत म्हणजे प्रयत्न फसला तरी सवलत मिळते!

आता माझी चूक सांगते. काही वर्षांपूर्वी एक सल्लागार आमच्याकडे आला. मिळणाऱ्या रकमेत त्याचा टक्का होता. 'लाइन बसवण्याचं सगळं काम संशोधनातच दाखवा,' तो म्हणाला. तांत्रिक जाणकार म्हणून त्या अहवालावर माझं नाव होतं. मला खटकलं होतं, तरी मी मान डोलावली. पुढे कर खात्याची विचारणा आली. प्रश्न साधाच होता : 'तुम्हाला काय माहीत नव्हतं?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. पैसे व्याज आणि दंडासह परत गेले. त्या पैशांच्या भरवशावर दोन तरुणांना कामावर घ्यायचं ठरलं होतं, ते रद्द झालं. त्यातल्या एकीची मुलाखत मीच घेतली होती. तिला नकाराचा फोनही मीच केला.

त्या रात्री मला नववीतला ओहमच्या नियमाचा प्रयोग आठवला. माझ्या आलेखातले सगळे बिंदू एका सरळ रेषेत होते. बाईंनी वही उलटसुलट पाहिली आणि विचारलं, 'सगळे बिंदू रेषेवर कसे गं? तारेचा एखादाही जोड सैल नव्हता?' आकडे मी उत्तरावरून मागे जाऊन लिहिले होते. बाईंनी शिक्षा केली नाही; प्रयोग पुन्हा करायला लावला आणि चुकलेली वाचनं न खोडता लिहायला सांगितलं.

आता आमच्या टीममध्ये दर शुक्रवारी एक वही भरली जाते. काय माहीत नव्हतं, काय करून पाहिलं, काय फसलं, कोणाचे किती तास गेले. पुढच्या अर्जात आम्ही मागितलेली रक्कम पहिल्यापेक्षा बरीच कमी होती, पण तिच्यातल्या प्रत्येक पौंडामागे त्या वहीतलं एक पान होतं.

बाई, तुम्ही आज पहिल्या रांगेत बसला आहात. तुमचा धडा मला दोनदा शिकावा लागला. दुसऱ्या वेळची फी जरा जास्त पडली, आणि ती मी एकटीने भरली नाही, याचं वाईट वाटतं.