रंगमंचावरील प्रकाश : कला आणि जबाबदारी



तिसरी घंटा होते, सभागृहातील दिवे मालवले जातात आणि पडदा उघडण्यापूर्वीच्या काळोखात प्रेक्षक श्वास रोखून बसतो. त्या काळोखाचा धनी नट नव्हे, नाटककारही नव्हे. तो असतो प्रकाशयोजनाकार. प्रयोग संपल्यावर नटाच्या गळ्यात हार पडतो, त्या वेळी हा माणूस शिडीवर चढून तापलेले दिवे उतरवीत असतो. त्याच्या कलेचा, आणि त्याहूनही अधिक त्याच्या जिवाच्या सुरक्षिततेचा विचार आज करावयाचा आहे.

वत्सगुल्माचा वारसा

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. पण या भूमीचे साहित्याशी असलेले नाते फार प्राचीन आहे. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म ती हीच. राजशेखराने 'काव्यमीमांसा' या ग्रंथात काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच वत्सगुल्म नगरीत लावला आहे. रंगमंचावरील दिव्याची परंपरा त्याहूनही जुनी. भरताच्या नाट्यशास्त्रात रंगपूजेच्या वेळी नाट्याचार्याने पेटती दीपिका हाती घेऊन सारा रंगमंच उजळावा, असा विधी सांगितला आहे. दिव्यावाचून नाट्य नाही, हे आपल्या पूर्वजांनी जाणले होते.

दिवटीपासून विजेपर्यंत

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले, तो काळ तेलाच्या दिव्यांचा होता. पुढे गॅसबत्त्या आल्या. गावोगावच्या तमाशांना आणि कीर्तनांना पेट्रोमॅक्सने साथ दिली. या दिव्यांनी रंगमंच दिसत असे, पण तो हवा तसा मंद किंवा प्रखर करणे अवघड होते. लंडनचे सव्हॉय नाट्यगृह १८८१ साली संपूर्णपणे विजेच्या दिव्यांनी उजळले आणि प्रकाश हे नटाच्या बरोबरीचे एक पात्र होऊ शकते, ही जाणीव हळूहळू रुजली.

आपल्या देशात ही जाणीव ज्यांनी लोकांच्या मनावर ठसविली, त्यांत तापस सेन यांचे नाव अग्रभागी आहे. १९५९ साली कलकत्त्यात उत्पल दत्त यांनी 'अंगार' हे खाणकामगारांचे नाटक केले. त्यात कोळशाच्या खाणीत पाणी भरत जाण्याचा प्रसंग तापस सेन यांनी प्रकाशाच्या साहाय्याने उभा केला. रंगमंचावर पूर नव्हता, तरी प्रेक्षकाला पाणी चढताना दिसे. महाराष्ट्रातही १९५४ साली सुरू झालेल्या राज्य नाट्यस्पर्धेने नेपथ्य व रंगभूषा यांप्रमाणे प्रकाशयोजनेलाही पारितोषिकाचा मान दिला, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील हौशी मंडळींना या अंगाकडे पाहण्याची सवय लागली.

प्रकाशाचे साधे नियम

हे शास्त्र कठीण नाही. अमेरिकेतील स्टॅनली मॅककँडलेस यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीनुसार नटाच्या चेहऱ्यावर समोरून, डावीकडून व उजवीकडून, सुमारे ४५ अंशांच्या कोनातून दोन दिवे टाकतात. एकाची छटा उबदार, दुसऱ्याची थंड. त्यामुळे चेहऱ्याला उठाव येतो. अगदी खालून टाकलेला प्रकाश चेहरा भेसूर करतो, तर थेट डोक्यावरचा प्रकाश डोळ्यांच्या खोबण्या काळ्या करतो.

शिक्षकांसाठी तर ही चालती-बोलती प्रयोगशाळाच होय. तांबडा व हिरवा रंग कागदावर मिसळले तर मळकट रंग होतो. तांबडा व हिरवा प्रकाश मिसळले तर पिवळा प्रकाश होतो. लाल लुगडे निव्वळ हिरव्या प्रकाशात काळे दिसते. लहान दिव्याचे अंतर दुप्पट केले की प्रकाश चौथाईवर येतो. स्नेहसंमेलनाच्या तयारीत हे नियम विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखविता येतात.

विजेचा हिशेब

परंतु खरी चिंता दुसरीकडे आहे. गावातील नाटकासाठी १००० वॉटचे १२ हॅलोजन लावले, तर भार १२,००० वॉट होतो. २३० व्होल्ट दाबाला हा प्रवाह सुमारे ५२ अँपिअर भरतो. समाजमंदिराच्या भिंतीवरील मोठे बटन १६ अँपिअरचे असते. मग कोणी तरी खांबावर आकडा टाकतो, सांधलेल्या वायरीवर चिकटपट्टी गुंडाळतो, आणि एखादा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा बांबूच्या शिडीवर चढतो. पूर्वी हौशी मंडळी मिठाच्या पाण्यात धातूच्या पट्ट्या खालीवर करून दिवे मंद करीत. त्यांच्या कल्पकतेचे कौतुक करावे, पण ते उघडे, वीजभारित पाणी म्हणजे मृत्यूशी केलेला खेळ होता. त्याचे अनुकरण आज कोणीही करू नये.

आता एलईडी दिव्यांनी हा भार पुष्कळ हलका केला आहे. २०० वॉटचे १२ दिवे लावले तरी एकूण २,४०० वॉट, म्हणजे साधारण १० ते ११ अँपिअर होतात, आणि लहान रंगमंचाचे काम त्यात भागते. १९८६ साली ठरविण्यात आलेल्या डीएमएक्स पद्धतीमुळे एका तारेवरून ५१२ वाहिन्यांना आज्ञा देता येतात. पाठीमागचे चित्रही आता रंगविलेल्या पडद्याऐवजी प्रक्षेपकाने किंवा एलईडी भिंतीने दाखविले जाते. तथापि, चित्र नटाला गिळणार नाही इतकेच उजळ ठेवणे, यातच चित्रयोजनाकाराचे कौशल्य आहे.

जिल्ह्यात काय करता येईल

या विद्येला केवळ नाटकातच काम आहे असे नाही. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. तेथे १३ दालनांतून बंजारा समाजाचा वारसा मांडला आहे. अशा वास्तूंना, यात्रांना, गणेशोत्सवाला आणि सभा-समारंभांना प्रकाशाची जाण असलेली माणसे लागतात. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय आणि छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग ही शिक्षणाची ठिकाणे आहेत; पण पहिला धडा गावच्या तज्ज्ञ वायरमनच्या हाताखालीही गिरविता येतो.

पंचायत सदस्यांनी कार्यक्रमास संमती देताना चार गोष्टी विचाराव्यात. महावितरणकडून तात्पुरती जोडणी रीतसर घेतली काय? परवानाधारक ठेकेदाराने जमिनीशी जोडणी, म्हणजे अर्थिंग, तपासली काय? गळती होताच वीज तोडणारे ३० मिलिअँपिअरचे उपकरण बसविले काय? प्रत्येक दिव्याला सुरक्षा-साखळी आहे काय? याला मोठा खर्च लागत नाही; लागते ती आग्रहाची सवय. शिवाय मंडप आणि ध्वनिक्षेपक यांच्या बिलात प्रकाशयोजनाकाराचे मानधन वेगळे लिहावे आणि निमंत्रणपत्रिकेवर त्याचे नाव छापावे. ज्याच्या कामाला नाव मिळते, तो ते काम जबाबदारीने करतो.

प्रयोग रंगला, टाळ्या पडल्या आणि दिवे उतरविणारा मुलगा सुखरूप घरी पोहोचला, तरच तो प्रयोग यशस्वी झाला असे म्हणावे. दुसऱ्यांना उजेडात आणणारा माणूस स्वतः धोक्याच्या अंधारात राहू नये, ही काळजी वाहणे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.